मनीषाच्या घरचा चीक

बबन सर गेले. आता मला भांडायला माणूस उरला नाही.

न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर आमची दोन शिक्षकी शाळा होती. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. मधे एक लोखंडी कपाट, तेच आमचं पार्टिशन. त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते मला ऐकू यायचंच. आणि ऐकलं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. सरांनी चौथीच्या पोरांना पेशी शिकवायला घेतली.

"सर, पोरांना सतराचा पाढा येत नाही. पेशी काय करायच्यात?"

"बाई, पाढे तुम्ही कपाटाच्या तुमच्या बाजूनं म्हणून घ्या. माझ्या बाजूला पेशी."

मायक्रोस्कोप शाळेत कुठून असणार? सरांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी भरलं, प्रत्येकीत एक बोर टाकलं, तोंडं बांधली. पिशवी म्हणजे पेशीचं आवरण, पाणी म्हणजे पेशीद्रव, बोर म्हणजे केंद्रक.

पोरांनी दाबून दाबून बघितलं. वर्गात पाणीच पाणी, आणि केंद्रकं पोरांच्या पोटात. फरशी मी पुसली. पुसताना जे बोलले ते इथं लिहीत नाही.

हा सगळा खटाटोप मनीषासाठी होता, हे मला नंतर कळलं.

मनीषा चौथीतली. हातांवर आणि ओठाजवळ कोड. पांढरे डाग. तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. तिनं हात लावलेल्या तांब्यानं पोरं पाणी प्यायची नाहीत. घरून तसं शिकवूनच पाठवलेलं, दुसरं काय.

तिची आई तर म्हणायला लागली होती, एवढं वर्ष झालं की पोरीला घरीच ठेवते.

त्याच दिवसांत त्यांची गाय व्याली. आमच्याकडे चीक विकत नाहीत, शेजारीपाजारी वाटतात. मनीषाच्या आईनंही वाटला. लोकांनी दारात घेतला, चिकाला नाही म्हणायचं नसतं. ती पाठमोरी झाली की कुत्र्याला ओतला.

सरांनी ते बघितलं. तिच्या आईकडून उरलेला चीक मागून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी ताटभर खरवस घेऊन वर्गात आले.

तांबूस वड्या एकमेकींना खेटून लावलेल्या, मधे थोड्या पांढऱ्या. प्रत्येक वडीत अर्धा शेंगदाणा.

"ही आपली कातडी. एक वडी म्हंजी एक पेशी. शेंगदाणा म्हंजी केंद्रक. तांबड्या वडीत काय जास्त हाय?"

"गूळ."

"तसा कातडीत रंग असतो. मनीषाच्या अंगावर काही ठिकाणी रंग बनवणाऱ्या पेशींनी काम सोडलंय, एवढंच. ते एकाचं दुसऱ्याला होत न्हाई. आता खाऊन बघा."

सच्या पुढं झाला. खायचं म्हटलं की हाच पहिला. तांबडी खाल्ली, मग पांढरी तोंडात टाकली आणि थुंकून दिली.

"सर, पांढरी सपक हाय."

पांढऱ्यात गूळ घातला नव्हता, आणि साखर घालायची राहून गेली होती. वस्तीवर खोली घेऊन एकटा राहणारा माणूस, स्वयंपाक काय तो चहापुरता.

सगळी पोरं "सपक, सपक" करायला लागली. मनीषानं दोन्ही हात फ्रॉकखाली घेतले.

कपाटाच्या कडेनं बघताना माझा जीव तुटला. आणि सरांचा असा राग आला की विचारू नका.

"एवढा मोठा धडा घेतलात आणि साखर विसरलात?"

सरांनी फडकं घेतलं आणि सच्यानं थुंकलेलं स्वतःच पुसलं. आमच्या भांडणात असं कधी झालं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी सरळ मनीषाच्या घरी गेले. म्हटलं, आजच्या धारेचा चीक पाहिजे.

तिची आई बघतच राहिली. "बाई, आमच्या घरचा तुम्ही खाताल?"

"खाईन की. आधी चूल पेटव."

तिच्याच चुलीवर दोन खरवस केले. एक गुळाचा, एक साखरेचा. पांढऱ्यात वेलदोडा जरा हात सैल सोडून घातला. वड्या मी पाडल्या. शेंगदाणे मनीषानं बसवले, तिच्या हातानं.

सकाळी वर्गापुढं पहिली पांढरी वडी मी खाल्ली. पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"बाई, गोड हाय का?" सच्यानं विचारलं.

"तुला तोंड नाही का? बघ की."

पांढऱ्या आधी संपल्या.

संध्याकाळी सच्याचे आजोबा शाळेत. त्यांना सगळी वस्ती आप्पा म्हणते. "गुरुजी, त्या घरचं पोरांला चारताय?"

सर म्हणाले, "चारलं आप्पा. काय झालं तर मला धरा."

आप्पांनी सच्याला आठवडाभर घरी डांबला. मग तोच कंटाळून पळून शाळेत आला आणि मनीषाशेजारी बसला. जागा तिथंच रिकामी होती.

मनीषा शाळेत टिकली. पुढं एसटीनं न्हावऱ्याच्या हायस्कूललाही गेली. सर आणि मी भांडतच राहिलो.

आज वरवंडला, सरांच्या गावी, त्यांना पोचवलं. घरात चूल पेटायची नव्हती. मनीषा आता दौंडला असते, ती तिकडून पिठलं-भाकरी घेऊन आली. डाग आता कोपरापर्यंत गेलेत. वाढायला तीच उभी राहिली.

पंगतीत आप्पाही होते. खूप थकलेत, सच्याच्या मोटरसायकलवर मागं बसून आलेले. माझी नजर त्यांच्या ताटावरच होती, खोटं कशाला बोलू.

मनीषानं वाकून विचारलं, "आप्पा, पिठलं सपक न्हाई ना झालं?"

आप्पांनी घास गिळला. "न्हाई पोरी, बराबर हाय. अजून अर्धी भाकर वाढ."

सर, माझ्या बाजूचे पाढे मी म्हणून घेतले होते. तुमच्या बाजूचंही पोरांना पाठ झालंय.

तुमची फार आठवण येणार आहे. नमस्कार.