जिन्याखालचा खांब

मोबाइलवर शुभदाचं नाव दिसलं आणि फोन उचलल्या उचलल्या मी ओरडले, "अगं, कुठं उलथलीस? सकाळपासून वाट बघतेय!" पलीकडे तिचा नवरा होता. "नलूताई, शुभदा गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. महिना उलटला. मला अजून पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मी अजून तिच्यावर चिडलेलीच आहे.

बावधनला आमचं दोघींचं छोटं ऑफिस. दोघी इंजिनियर, काम जुन्या इमारतींचे खांब बळकट करायचं. खांबाभोवती तंतूंची जाळी गुंडाळायची आणि तंतुमिश्रित मॉर्टरचा थर द्यायचा. साइटवर धूळ खायची मी, आणि तोच खांब कॉम्प्युटरवर उभा करून त्याच्यावर भार टाकत बसायची ती. भार वाढला की पडद्यावरचा हिरवा खांब पिवळा व्हायचा, मग लाल. लाल झाला की संपलं.

रिहे खोऱ्यातली एक दुमजली शाळा आमच्याकडे आली. नाव लिहीत नाही, गावाशी भांडण ओढवून घ्यायची हौस नाही. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत होते आणि सोमवारी वरचा मजला उघडायचं ठरलं होतं. शेवटची नजर टाकायला गेलो तर जिन्याखालच्या खांबावर आवरणाला मधोमध चौकोनी भोक! तिथं शाळा समितीच्या अध्यक्षांच्या आईच्या नावाची संगमरवरी पाटी होती. शाळेला जागा त्या माउलीनं दिलेली, पुण्यतिथीला सगळी शाळा पाटीला हार घालते. गवंड्यांनी पाटीला धक्का न लावता भोवतीची जाळी कापून कडा सुबक घोटल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. जाळीचा वेढा अखंड असला तरच ती खांबाला आवळून धरते. मधेच कापली की नाडी तुटलेला परकर!

"एवढुशी तर पाटी हाय, म्याडम," अध्यक्ष म्हणाले. "बाकीचा खांब गुंडाळलाय की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन गेलो, शाळेत गाव जमलं होतं. भोकासकट खांब उभा केला होता शुभदानं, आणि पोरांचा भार पडताच पाटीच्या कडेनं लाल पसरत गेलेला सगळ्यांना दाखवला. अध्यक्षांचा आवाज चढला. "माज्या आयची पाटी हाय ती. तितं छिन्नी लागायची न्हाई. सोमवारी शाळा भरणार म्हंजी भरणार!" मागून एक बाई कडाडल्या, "पोरं पत्र्याखाली भाजून निघाल्यात, आन तुमी चित्रं दावताय व्हय?" मी तोंड उघडणार तोच शुभदानं माझा हात घट्ट दाबला. "इमारत वापरायच्या दाखल्यावर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "दुसरा इंजिनियर आणू," अध्यक्ष म्हणाले. "जरूर आणा. पण तोवर वर कुणाला पाठवू नका, हात जोडते."

आणि ती खरंच हात जोडून उभी राहिली, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग सोमवारपर्यंतचे ते दिवस... दुसरा कुणी सही देईल, पोरं वर जातील, याच धास्तीत गेले. शुभदा पुन्हा पुन्हा मॉडेल चालवत होती. काँक्रीट थोडं चांगलं धरून बघ, भार थोडा कमी करून बघ. स्वतःची चूक शोधत होती बाई! "नले, या खेपेला मी चुकलेली असू दे गं," म्हणायची. खांब लालच व्हायचा.

रविवारी अध्यक्षांचा फोन आला. "पाटी काढली, म्याडम. मीच काढली, गवंडी हात लावंना." मग म्हणाले, "आय असती तर तिनंच मला झोडपला असता." फोन ठेवून शुभदा हमसून हमसून रडली, आणि मीही.

खांब सोलून नव्यानं गुंडाळला, मॉर्टर मुरला आणि मगच शाळा भरली. त्या दिवशी पाहुणे मांडवात बसले आणि ही बया जिन्याखाली त्या खांबाला खेटून उभी. "मेले, चल की इकडं!" मी म्हटलं. "पोरं कशी धावतील ते मी अंदाजानंच धरलंय, नलू," ती म्हणाली. "पहिल्यांदा वर जाताना मला इथंच असलं पाहिजे." पोरं धडाधड वर गेली. काही झालं नाही. ती तांब्याभर पाणी प्याली. त्यानंतर पिरंगुटकडे काम निघालं की गाडी रिह्याकडे वळवायला लावायची, मधल्या सुट्टीनंतर पोरं वर जाईतो तिथं उभी राहायची आणि मुकाट परत यायची.

मागच्या आठवड्यात मी एकटीच गेले. अध्यक्षांनी खुर्ची पुढं केली. "म्याडम न्हाईत, आता तुमी तरी येत जावा." मी बसले नाही. जिन्याखाली गेले. तिथं तिची आठवण काढून मनसोक्त रडायचं ठरवूनच आले होते. तेवढ्यात घंटा झाली, सगळी शाळा डोक्यावरून धावत सुटली, आणि मी रडायचं विसरून, श्वास रोखून, खांबाकडे बघत राहिले.