फ्रान्सच्या गडाची पायरी

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत की फ्रान्समध्ये आम्ही कॅसल बघितले का आणि त्यात प्रिन्सेस होती का. तेवढ्यात आजोबा मध्येच बोलायला लागले आणि उत्तर राहून गेलं. फोनवर तुम्ही इंग्रजीत विचारता, मी मराठीत सांगते, आणि निम्मं तसंच राहतं. म्हणून हे लिहून पाठवते आहे. बाबा वाचून दाखवतील. एखादा शब्द अडला तर त्यांना विचारा, आणि त्यांनाही अडला तर त्यांना मला फोन करायला सांगा.

प्रिन्सेस नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

त्याच्याआधी गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा ती तुमच्यापासून लपवली होती, कारण तुम्ही तिकडे मेलबर्नला बसून नुसती काळजी केली असती. इथे कुवेतमध्ये थंडी पडली की लोक खैरानला समुद्रकाठी शॅले, म्हणजे सुट्टीची घरं, भाड्याने घेतात. आम्हीही चार कुटुंबं मिळून गेलो होतो. दुपारी वाळूत व्हॉलीबॉल चालू असताना आजोबा खेळ सोडून गाडीत जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, साइटवरून फोन आलाय. ते मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे मेंटेनन्सचं काम बघतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी फोन येण्यात नवीन काही नव्हतं. मी आत जाऊन भजी तळायला घेतली.

दोन दिवसांनी आमच्याच मजल्यावर राहणारी सोलापूरची नर्स मला लिफ्टमध्ये भेटली. ती म्हणाली, "काकू, काकांनी छातीचं दाखवलं का?" तीही खैरानला आमच्याबरोबर होती आणि त्या दिवशी गाडीत ते घामाने निथळत होते, हे तिने पाहिलं होतं. उद्याच डॉक्टरकडे जातो, हिला उगाच घाबरवू नका, असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. गेले मात्र नव्हते.

त्याच आठवड्यात त्यांच्या हृदयाजवळ दोन स्टेंट बसवले. स्टेंट म्हणजे बारीक जाळीची नळी. अरुंद झालेली रक्तवाहिनी ती उघडी ठेवते. सगळं व्यवस्थित पार पडलं आणि दीड महिन्यात ते कामावर जायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, जिनेसुद्धा चढा; फक्त दम लागला किंवा छातीत काही वाटलं तर तिथेच थांबा आणि बरोबरच्या माणसाला सांगा.

यातलं शेवटचं आजोबांना जमत नव्हतं, आणि बाकी सगळं त्यावरच अवलंबून होतं. मी वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. गोळ्यांच्या वेळा, ब्लडप्रेशर, चालण्याची मिनिटं, सगळं ठरवून दिलं. दिवसातून चार वेळा विचारायची, कसं वाटतंय? उत्तर एकच, "फर्स्ट क्लास." मी जितकं विचारत गेले तितकं ते कमी सांगत गेले. संध्याकाळी आम्ही दस्मानला समुद्राच्या कडेने फिरायला जायचो, तर ते मध्येच बुटाची लेस बांधायला वाकायचे. बराच वेळ वाकलेले राहायचे. एवढ्या वेळा लेस मी पहिलीच्या मुलांचीसुद्धा बांधलेली नाही. मला कळत होतं की ते थांबण्यासाठी वाकतात. मी काही बोलले तर उद्यापासून फिरायलाच येणार नाहीत, हेही कळत होतं.

अशात फ्रान्सला जायचं ठरलं. आजोबा साताऱ्याचे. लग्नाआधी दोन दिवस सुट्टी मिळाली की ते एखाद्या गडावर असायचे. कुवेत पडलं सपाट. इथे चढ म्हणजे उड्डाणपूल. आजारपणानंतर ते एकदा म्हणाले की आता आपले गड संपले. मला ते बरं वाटलं नाही. लुआर नदीच्या काठी गावोगाव कॅसल आहेत, असं मी एका प्रवासाच्या पुस्तकात वाचलं होतं. मी कार्यक्रम आखला, इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, प्रती, बँकेचं पत्र, नोकरीचं पत्र असं सगळं लावून व्हिसाचे अर्ज भरले, आणि आजोबांना एक कागद दिला: पहिला दिवस, किल्ला पहिला, दुसरा दिवस, किल्ला दुसरा, तिसरा दिवस, किल्ला तिसरा.

चूक तिथे झाली, आणि ती माझी. कॅसलला शब्दकोशात किल्ला म्हटलं आहे, म्हणून मी किल्ला लिहिलं. आजोबांनी तो शब्द वाचला आणि फाहाहीलच्या बाजारातून ट्रेकिंगचे बूट, एक टॉर्च आणि गुडदाणीची दोन पाकिटं घेऊन आले.

मीही एक वस्तू केली होती. आमच्या बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे एक कार्ड लॅमिनेट करून घेतलं. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच: हे हृदयरोगी आहेत, दोन स्टेंट आहेत, या गोळ्या चालू आहेत. आजोबांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"माझ्या गळ्यात बांधणार का पट्ट्यासारखं?" ते म्हणाले.

मी ते माझ्या पर्समध्ये ठेवलं.

पहिला कॅसल एका नदीवरच बांधलेला आहे, पुलासारखा. आत पलंग, पडदे, फुलदाण्या, आणि खाली पुलाच्या खांबांत चक्क स्वयंपाकघर. तांब्याची पातेली इतकी लखलखीत की मी तिथे बराच वेळ रेंगाळले. आजोबा ट्रेकिंगचे बूट घालून गालिच्यांवरून चालत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, तटबंदी कुठे आहे? बुरूज कुठे आहेत? मी म्हटलं, हा राहायचा महाल आहे. "मग किल्ला कशाला लिहिलंस? इथे शत्रू आला तर त्याला काय, चहा पाजणार?" तेवढ्यावर न थांबता, वीस वर्षं मुलांचे स्पेलिंगचे मार्क कापलेस, आता तुझे किती कापू, असंही त्यांनी विचारलं. गुडदाणी आम्ही तिथल्या बागेत बसून खाल्ली.

दुसरा कॅसल प्रचंड होता. त्याच्या मधोमध एक गमतीचा जिना आहे. खरं म्हणजे दोन जिने एकमेकांभोवती पिळासारखे वर जातात. एकातून चढणारा माणूस दुसऱ्यातल्या माणसाला मधल्या झरोक्यांतून दिसतो, पण दोघांची गाठ पडत नाही. तुम्हाला तो आवडेल. आजोबा म्हणाले, तू त्यातून ये, मी यातून येतो. मी हो म्हटलं आणि लगेच पस्तावले. पहिल्या झरोक्यातून मला त्यांची टोपी दिसली. दुसऱ्यातून एक जपानी बाई दिसली. तिसऱ्यातून कोणीच दिसलं नाही. मी भराभरा चढून वर गेले तर ते आधीच कठड्याला टेकून उभे होते. चेहरा लाल झालेला, ओठ मिटलेले. कसं वाटतंय? फर्स्ट क्लास. वाटेत थांबलात का? "छे." ते थांबले होते की नाही हे मला आजही माहीत नाही. परतीच्या बसमध्ये ते झोपल्यासारखे बसले होते आणि मी त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होते.

तिसऱ्या दिवशीच्या कॅसलचा फोटो माझ्या पुस्तकात नव्हता. गावाच्या डोक्यावर टेकडी, तिच्यावर दगडी तट, आणि तटाच्या आत एक उंच, चौकोनी, छप्पर उडालेला बुरूज. पलंग नाहीत, पडदे नाहीत. आजोबा बसमधून उतरले आणि मान वर करून उभेच राहिले. मग भिंतीतल्या फटींकडे बोट करून म्हणाले, "जंग्या बघ, जंग्या." जंगी म्हणजे तटात ठेवलेली अरुंद फट, जिच्यातून आतला माणूस बाहेर बाण मारतो. असा आवाज मी त्यांचा वर्षभरात ऐकला नव्हता. गावातून वर जाणारा रस्ता आम्ही बसत बसत चढलो. प्रत्येक बाकावर बसायचं कारण मी सांगितलं; माझे पाय दुखतात, असं.

दरवाजाशी पोचल्यावर मी तिकिटांच्या रांगेत उभी राहिले आणि ते पुढे गेले. मी तिकिटं घेऊन वळले तर दरवाजात गर्दी. दोन बायका आणि एक पहारेकरी, आणि मध्ये खुर्चीवर आजोबा. कोणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला होता. पहारेकरी कमरेचा वॉकी-टॉकी काढत होता. गणवेशातली बाई इंग्रजीत एकच शब्द पुन्हा पुन्हा विचारत होती, "हार्ट? हार्ट?"

झालं होतं ते असं. दरवाजात शिरताना आजोबा वाकले, पायरीला हात लावला आणि तोच हात आधी कपाळाला, मग छातीला लावला. गडावर ते नेहमीच असं करत. पण गुडघे आता तेव्हाचे नाहीत, त्यामुळे वाकल्यावर चटकन उठता आलं नाही. त्या बाईला दिसलं ते एवढंच की एक म्हातारा माणूस पायरीवर कोसळला आणि त्याने छाती धरली.

हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मलाही तेच दिसलं होतं जे तिला दिसलं. त्यातून हा वाकलेला माणूस मी वर्षभर बघत आले होते. माझा हात पर्समध्ये गेला आणि कार्डावर पडला.

आजोबांनी माझा हात बघितला. चेहरा असा झाला की जणू निकाल लागलाच आहे. ते कार्ड त्या बाईच्या हातात पडलं असतं तर रुग्णवाहिका आली असती आणि बुरूज खालूनच बघायचा राहिला असता. आणि यापुढे मला काही सांगण्याची त्यांना गरजच उरली नसती; माझ्याकडे कार्ड होतंच.

मी त्यांच्यासमोर बसले आणि मराठीत विचारलं, "अहो, एकदाच विचारते. दुखतंय का?"

"नाही गं. पायरीला नमस्कार केला."

"आणि काल? जिन्यात?"

त्यांनी त्या बाईकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. "काल लागला होता दम," ते म्हणाले. "दोनदा बसलो. आज नाही."

काल बसले होते हे त्यांनी कबूल केलं, म्हणून आजचं 'नाही' मी खरं मानलं. दुसरा कुठलाही पुरावा माझ्याजवळ नव्हता. मी पर्स बंद केली, उभी राहिले आणि त्या बाईला इंग्रजीत सांगितलं की हे आजारी नाहीत, यांनी दरवाजाला नमस्कार केला. तिला वाटलं मला इंग्रजी शब्द सापडत नाही. ती हळूहळू, मोठ्याने म्हणाली, "टु द डोअर?" कॉन्व्हेंटमध्ये शिकून आणि आयुष्यभर इंग्रजी शिकवून माझ्यावर ही वेळ आली. शेवटी मी स्वतः वाकले आणि पायरीला हात लावून दाखवला. आमच्याकडे किल्ल्यात शिरताना असं करतात, म्हटलं. पहारेकऱ्याने वॉकी-टॉकी परत कमरेला लावला. ती बाई थोडा वेळ पायरीकडेच बघत राहिली. मग म्हणाली की ती इतकी वर्षं या पायरीवर रोज पाय देते.

"आता दे म्हणावं, काही हरकत नाही," आजोबा मला म्हणाले. मी ते भाषांतर केलं नाही.

आम्ही बुरुजात शिरलो. लाकडी जिना भिंतीला धरून वर जातो. मी मागे राहिले आणि कसं वाटतंय हे विचारायचं नाही, असं ठरवलं. ते अवघड गेलं. पहिला मजला झाला. आजोबा वाटेत मला भिंतीची जाडी दाखवत होते. दुसऱ्या मजल्याच्या थोडं अलीकडे, जिथे भिंतीत बसण्याजोगी खिडकी आहे, तिथे ते उभे राहिले. बुटाकडे वाकले नाहीत.

"अगं थांब," ते म्हणाले. "दम लागलाय."

आम्ही खिडकीत बसलो. लोक वर जात होते, खाली येत होते, आमचे पाय ओलांडत होते. छातीत काही नाही, नुसता दम आहे, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. पाचेक मिनिटांनी म्हणाले, मी आता आणखी वर येत नाही, तू जाऊन ये. वर्षभरात मी त्यांना एकटं कुठे सोडलं नव्हतं. पण जे लागेल ते हा माणूस सांगेल, असं आता वाटत होतं. मी गेले.

वर वारा होता. नदी, काळ्या पाटीच्या दगडांची छपरं, पिवळी शेतं, एवढं दिसत होतं. मी फोटो काढले, तेच तुम्हाला पाठवले आहेत. दहा मिनिटांत खाली आले. ते होते तिथेच बसले होते.

"वर पाण्याचं टाकं आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"मग वेढा पडला की ही माणसं पीत काय होती?"

मी माहितीपत्रक काढून वाचलं, तर खाली अंगणात विहीर होती. आम्ही ती न बघताच वर आलो होतो. आजोबा म्हणाले, चल, बघू तरी किती खोल आहे. आम्ही खाली उतरलो. वाटेत ते दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा आधी मला सांगून.