मेथीच्या वाफ्यातलं डोरलं

आमचे हे हिंगण्याच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारी रिवाइंड करायचे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची, नवी गुंडाळायची, वरून वार्निश मारायचं. घरी आले तरी हात स्वस्थ बसत नसत. अशा माणसाला मी सांगितलं, की तण निंदता निंदता गळ्यातली पोत तुटली आणि तिच्यातलं सोन्याचं डोरलं मेथीच्या वाफ्यात पडलं. याहून मूर्ख थाप मी जन्मात मारली नाही.

डोरलं पडलं नव्हतं, मी ते दिलं होतं. पाठच्या बहिणीला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती आणि बाबांनी फी द्यायला साफ नकार दिला होता. त्यांचं म्हणणं, तेवढ्या पैशात तिचं लग्न उरकेल. ती सक्करदऱ्याला आमच्याकडे आली, मागच्या दारी बसून रडली. मी पोतीचा दोरा तोडला आणि डोरलं तिच्या रुमालात बांधलं. तेव्हा काहीच वाटलं नाही. वाटायला लागलं ते संध्याकाळी, सासूबाई हातातलं काम ठेवून माझ्या गळ्याकडे पाहत राहिल्या तेव्हा. ते डोरलं त्यांनी स्वतःच्या पोतीतलं काढून माझ्या पोतीत ओवलं होतं.

घरात आम्ही तिघंच. तिघांनी मिळून वाफा वीतभर खणला, रेतीच्या चाळणीने वरची सगळी माती चाळली. मेथी गेली, सोबत वांग्याची चार झाडंही गेली. सासूबाई कुंपणापलीकडच्या बाईला, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "लेकाचं शोधणं होऊ दे वं. मंग सुनेले एक गोष्ट विचारीन."

ह्यांनी कुठल्याशा मासिकात जमिनीतला धातू ओळखणाऱ्या यंत्राची आकृती पाहिली होती. घरातला ट्रान्झिस्टर रेडिओ त्यांनी उघडला, काठीच्या टोकाला तारेची गुंडाळी बांधली. खाली धातू आला की ट्रान्झिस्टरची गुणगुण बदलून किंचाळी व्हायची. पहिली गुंडाळी त्यांनी मोडक्या चाळणीच्या घेरावर केली, चांगली परातीएवढी. खणलेल्या मातीत जड वस्तू खाली उतरते, म्हणून खोलवरचं ऐकणारा मोठा घेर हवा, असं त्यांनी मला समजावलं. मी मान हलवली. मोठ्या घेराने विळ्याचं अर्धं पातं काढलं, बैलाचा नाल काढला आणि तुपाच्या डब्याचं झाकण काढलं. प्रत्येक किंचाळीला सासूबाई उठून यायच्या आणि माझा जीव टांगणीला लागायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी भर दुपारी पाहिलं.

मोठ्या घेराला बारीक वस्तू कळत नाही, असं मग त्यांच्या लक्षात आलं. दुसरी गुंडाळी ताटलीएवढी झाली. तिला खिळेच खिळे सापडले, कारण घर बांधताना उरलेला मलबा त्याच जागी खाली पुरला होता. हे एकेक खिळा वेचून डब्यात टाकत होते. आधी कचरा निघाला पाहिजे, मग सोनं बोलेल, असं म्हणायचे. मला एका जागी बसवेना. एकच अंगण मी तीनदा झाडायची, भात लागायचा, दूध उतू जायचं. एक दिवस तर मी देवाला नवस बोलले, की डोरलं सापडू दे. माझ्याच हाताने दिलेलं डोरलं! इतकी अक्कल गहाण पडली होती.

तिसरी गुंडाळी वाटीच्या काठावर केली. लहान घेर खोल जात नाही, पण जेवढं ऐकतो तेवढं नेमकं ऐकतो. पारखायला त्यांनी माझी नाकातली चमकी मागितली, दोन बोटं खोल पुरली आणि वरून काठी फिरवली. ट्रान्झिस्टर लगेच बोलला. मग त्यांनी सुतळी ताणून वाफ्याचे पट्टे पाडले. माती एकेक थर उकरायची आणि काठी फिरवायची, असे दोन रविवार गेले. शेवटच्या पट्ट्यातही काही वाजलं नाही. आता हे मान वर करून माझ्याकडे पाहतील, म्हणून मी दारात उभी राहिले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि सासूबाईंना सांगितलं, की तार नीट बसली नाही, चौथी करावी लागेल.

पुढच्या रविवारी ते चौथी गुंडाळी करत बसले. मी चहा घेऊन गेले आणि पाहिलं, तर तीच वाटी, तीच तार, वेढेही तेवढेच.

"हे तं तिसरीसारखीच आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "मातीत काही नाही, हे मले मागच्याच रविवारी समजलं."

"मंग आता काय शोधून राहिले?"

"शोधणं थांबलं, की माय तुले विचारन."

डोरलं कुठे गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. मला गहिवर वगैरे आला नाही, मला त्यांचा संताप आला. मागचे आठ दिवस मी जळत होते आणि हा माणूस शांतपणे वेढे मोजत होता. मग डोळ्यांसमोर आलं, की हे असेच दर रविवारी रिकाम्या मातीवर काठी फिरवत राहतील, पाचवी करतील, सहावी करतील, आणि शेजारपाजारचे हसतील. चहा तिथेच ठेवून मी आत गेले. सासूबाई तूर निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं, बहिणीचं, रुमालाचं, थापेचं.

त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि उठून गेल्या. चार दिवस माझं ताट वाढलं, की उठून मागच्या दारी जायच्या. पाचव्या दिवशी आम्ही दोघी वाफ्याची माती सारखी करत होतो, नवी मेथी टाकायची होती. हातातलं खुरपं न थांबवता त्या म्हणाल्या, "मले मागितलं असतं, तं मी देऊ देलं नसतं."

"म्हणूनच नाही मागितलं," मी म्हटलं.