वारं वाढलंय का, चाचा?

उभ्या राहिलेल्या मंडपाचा किस्सा होत नाही, उडालेल्याचाच होतो! तीसेक वर्षं झाली मला कळंबमध्ये मंडप बांधायला लागून. सुखरूप पार पडलेलं एकही लग्न मला धड आठवत नाही. नवरदेव कोण, जेवणात काय, काहीच नाही. पण कुठल्या गावात कुठला कोपरा उचलला ते विचारा, झोपेतनं उठवून विचारा, सांगतो!

आमची टोळी चौघांची. गफूरचाचा उस्ताद. बांबूवर सरसर चढणारा दिलीप. सुनंदाबाई, ज्यांच्या मशीनवर आमच्या सगळ्या कनाती अन् झालरी शिवल्या. आणि मी, बाळू. चाचा गेले त्याला हा दुसरा उन्हाळा. कामं आता कमी झालीत, किस्से मात्र वाढतच चाललेत. गोडाऊनपुढं कापडाच्या गठ्ठ्यांवर बसायचं, एकानं सुरू करायचं, अन् दुसऱ्यानं मधेच म्हणायचं, "न्हाय न्हाय, तसं नव्हतं झालं." पूर्वी असं चाचा म्हणायचे. आता कुणी अडवतच नाही, म्हणून किस्से लांबत जातात.

* * *

मी बावीस वर्षांचा होतो. पहिलंच काम, एका खेड्यातला साखरपुडा. ऊन होतं, धूळ होती, म्हणून मी चारी बाजूंच्या कनाती आवळून बांधल्या. मुंगीला आत यायला फट ठेवली नाही. मनात म्हटलं, आज उस्ताद खूश!

चाचा सायकलवरनं उतरले. मंडपाला एक चक्कर मारली. अन् उगवतीकडची कनात सोडून टाकली.

"चाचा, धूळ येईल ना!"

"आने दे." हात झटकत ते म्हणाले, "हवा मेहमान है बाळू. आयी तो जाने का दरवाजा भी रखना. नहीं तो छत में से जाती!"

तेव्हापासून मी एक बाजू मोकळी सोडतो. मालक विचारतात, "ही बाजू कशाला उघडी ठेवली?" मी सांगतो, "एक पाहुणा यायचाय."

* * *

वैशाखातलं लग्न. दुपारचे दीड-दोन. भोवती सगळं नांगरलेलं रान, तव्यासारखं तापलेलं. लांबून एक करडा खांब चालत येताना दिसला. आत पालापाचोळा अन् प्लॅस्टिकच्या पिशव्या गरागरा फिरत होत्या. अशा वावटळी आम्ही रोज बघायचो. बांधापाशी आल्या की बहुतेक विरून जातात.

ही नाही विरली! हिनं बांध ओलांडला, मठ्ठ्याचं पातेलं पालथं केलं, अन् सरळ मंडपात शिरली. वऱ्हाडी बाहेर पळाले, कुणाला लागलं नाही. पण आमचं लाल-पिवळ्या पट्ट्यांचं अख्खं छत खुंट्यांसकट वर गेलं. दिलीप अन् मी त्याच्या मागं पळतोय, ते वर डुलत डुलत चाललंय, वरातीत नाचल्यासारखं! दोन ओढे ओलांडले, मग आमचा दम संपला. लग्न शेवटी लिंबाखाली लागलं.

चारच्या सुमाराला नवरीच्या बापाला शेजारच्या गावच्या सरपंचाचा फोन आला.

"पाव्हणं, तुमचा मंडप आमच्या शिवारात येऊन टेकलाय. वऱ्हाड कधी निघतंय?"

* * *

त्या छताची झालर मात्र सापडली नाही. ती सुनंदाबाईंनी आठ दिवस खपून शिवली होती, चांगली दोन हात रुंद, प्रत्येक लाल पाकळीला पिवळी किनार.

दोनेक वर्षांनी सुनंदाबाई बहिणीच्या गावी गेल्या होत्या. रानातल्या वाटेनं जाताना एका शेतात लिंबाच्या फांदीला लेकराची झोळी बांधलेली दिसली. लाल, अन् पिवळ्या किनारीची! जवळ जाऊन त्यांनी शिवण हातात धरली. स्वतःचा टाका माणसाला अंधारातही कळतो.

तिथं खुरपत असलेली बाई धावत आली. "मावशी, तुमची हाय का ही? वाऱ्यानं उडून आमच्या कडब्यावर पडली हुती. घेऊन जा बाई."

सुनंदाबाईंनी आत डोकावलं. एवढंसं पोर, मूठ तोंडात घालून. त्यांच्या घरी तेव्हा मुलगा पुण्याला कामाला गेलेला, सून तिकडंच, नातू फक्त फोनवर दिसायचा.

"झोपलंय ते," सुनंदाबाई म्हणाल्या. "उठल्यावर बघू."

मग झोळीला दोन झोके दिले अन् निघून आल्या. परत काही त्या वाटेला गेल्या नाहीत. आम्हाला सांगताना म्हणाल्या, "अजून उठलं नसंल!"

* * *

दिलीपच्या वस्तीतला भीमजयंतीचा मंडप. पाचचं व्याख्यान होतं. व्याख्याते लांबून आलेले, मोठे अभ्यासू, अन् बोलायला लई वेळ घेणारे. बायामाणसं कंटाळून चुळबुळ करायला लागली, पोरं उठून चालली.

तेवढ्यात वारं सुटलं. एकदम! कनाती फुगल्या, खांब हलायला लागले. दिलीप एका खांबाला मिठी मारून ओरडला, "धरा रं कुणीतरी!"

वस्तीतली एक म्हातारी उठली, तिला सगळे गिरजाआई म्हणायचे. म्हणाली, "पळता कशाला? बसा कनातीवर!" अन् स्वतः कनातीच्या खालच्या कडेवर मांडी घालून बसली. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. बघता बघता तिन्ही बाजूंनी बाया कनातीची कड खाली दाबून, हातात हात घालून बसल्या. पुरुष खांबांना लटकले. पंधरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मंडप उभा राहिला!

व्याख्यात्यांचं भाषण सुरूच होतं. वारं थांबल्यावर त्यांनी चष्मा पुसला अन् म्हणाले, "इतकं घट्ट बसून ऐकणारं ऑडियन्स मला आजवर भेटलं नाही!"

गिरजाआई आता नाही. पण मंडप बांधताना दिलीप अजून कनातीची कड हातभर जास्त सोडायला लावतो. "बसायला जागा पायजे," म्हणतो.

* * *

उमरग्याची प्रज्ञा नावाची पोरगी एकदा गोडाऊनवर आली. हवामानाचा अभ्यास करत होती. वही उघडली अन् विचारलं, "काका, हवामान बदलामुळं वावटळी, वादळं वाढलीत का? तुमचा अनुभव सांगा."

"लई वाढल्यात!" दिलीप म्हणाला. "मोबाईल बघा माझा. परवा एकाच दिवसात सहा गावांत वावटळ!"

तिनं सहाही व्हिडिओ बघितले. मग हसत म्हणाली, "काका, सहाही व्हिडिओंत तोच ट्रॅक्टर आहे, अन् तेच कुत्रं पळतंय. वावटळ एकच, ग्रुप सहा!"

मग मी म्हटलं, "पण मंडप पूर्वीपेक्षा जास्त उडतात, हे खरं हाय." त्यावर तिनं विचारलं, पूर्वीचे मंडप कसले असायचे? मी सांगितलं, बांबू अन् विरळ कापड, वारं आरपार जायचं. अन् आता? लोखंडी पाइप, जाड ताडपत्री, चारी बाजू बंद. बोलता बोलता माझं मलाच कळलं. तेच वारं असलं तरी आता जास्तच पाडणार!

तिनं नीट समजावलं. तापलेल्या रानातनं उठते ती वावटळ वेगळी. मोठ्या ढगाच्या पोटातनं सोंड खाली उतरते, तो टोर्नेडो वेगळा. उष्णता वाढलीय, हे पक्कं. गरम हवा जास्त बाष्प धरते, त्यानं ढगांना बळ मिळतं. पण सोंड तयार व्हायला वरचं अन् खालचं वारं वेगवेगळं वाहावं लागतं, अन् ते पुढं कसं होईल ते नक्की सांगता येत नाही. आपल्याकडं तर कुणी कधी मोजलंच नाही. जिथं मोजतात तिथंही वाद आहे, वादळं वाढली का बघणारे वाढले!

"मतलब?" चाचांनी विचारलं.

"म्हणजे चाचा, वाढलीत का, तर माहीत नाही."

चाचा विचारात पडले. "'माहीत नहीं' बोलने कू इतना पढना पडता?"

"हो ना चाचा," ती म्हणाली, "एवढंच म्हणायला शिकायला चार वर्षं गेली माझी!"

चाचांना ती पोरगी लई आवडली. पुढं कितीदा तरी विचारायचे, "वो माहीतनहींवाली फिर आयी नहीं क्या?"

* * *

मग मंगल कार्यालयं आली. धाराशिवच्या रस्त्यावरच्या एका एसी हॉलमध्ये आम्हाला फक्त झालरी लावायचं काम मिळालं. वर पांढरं छत, चारी बाजूंना काचा. ना खुंटी, ना दोर, ना आभाळ. चाचा मधोमध उभं राहून वर बघत राहिले, वाट चुकलेल्या माणसासारखे.

झालरी लावून झाल्या. इव्हेंटवाला आला, कानाला फोन, हातात फोन. म्हणाला, "काका, हे डेड वाटतंय. थोडी मूव्हमेंट पाहिजे. व्हिडिओत छान दिसतं." अन् त्यानं चारी कोपऱ्यांत मोठाले पंखे आणून लावले. झालरी फडफडायला लागल्या.

चाचा मटकन खुर्चीत बसले. हसावं का रडावं, त्यांना कळेना.

"जिंदगीभर हवा से लडे बाळू," म्हणाले, "अब उसकू बटन दबा के बुला रहे!"

जाताना ते एका पंख्यापुढं थोडा वेळ थांबले, डोळे मिटून. मग म्हणाले, "इस में मिट्टी का बास नहीं."

* * *

फाल्गुनात, गारपिटीच्या दिवसांत, परंड्याजवळ एका माळावर दिलीप अन् मी टेम्पोतनं पाइप उतरवत होतो. चाचा तेव्हा घरीच असायचे, पाय सुजलेले, नजर अधू झालेली. आभाळ शेवाळासारखं हिरवट-काळं झालं. वारं पडलं. अन् ढगाच्या पोटातनं एक सोंड खाली आली!

जमिनीला टेकली का नाही, यावर दिलीपचं अन् माझं अजून भांडण आहे. पण आम्ही दोघांनी ती बघितली. हळूहळू वळत, वाकत, जनावरासारखी. माझ्या हातातला पाइप कधी पडला कळलं नाही. दोन-तीन मिनिटांत ती परत ढगात गेली.

दिलीपनं मोबाईल काढला होता! सगळं रेकॉर्ड केलं होतं! टेम्पोत बसून आम्ही व्हिडिओ लावला. पडद्यावर दिलीपचं तोंड. आ वासलेलं, डोळे फाटलेले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गडबडीत सेल्फीचा कॅमेरा चालू राहिला होता!

तरी त्यानं तो प्रज्ञाला पाठवला. तिचं उत्तर आलं, "काका, सोंड दिसत नाही. पण तुम्ही बघितलीत, एवढं नक्की दिसतंय!"

चाचांनी जन्मात हजार वावटळी बघितल्या असतील, पण ढगातनं उतरलेली एकही नाही. आम्ही सांगायला गेलो तर लहान पोरासारखे रुसले. "मेरेकू लेके जाना था रे!" मग मोबाईल डोळ्याला चिकटवून दिलीपचं तोंड परत परत बघत बसले.

"कितनी बडी थी?"

"लई मोठी, चाचा."

"आवाज?"

"आवाजच न्हवता."

"और एक बार लगा," म्हणायचे. अन् दिलीप परत स्वतःचं तोंड लावून द्यायचा.

* * *

चाचांचा शेवटचा उन्हाळा. येरमाळ्याकडच्या एका खेड्यात मंडप होता. चाचा हट्टाला पेटले, मला न्या. टेम्पोत पुढं बसवून नेलं अन् रानाच्या कडेला बाभळीखाली खुर्ची टाकून दिली. मंडपापासून लांब, धुळीचा त्रास नको म्हणून.

आदल्या थंडीत चाचांच्या घरच्या, जुलेखाचाची, गेल्या होत्या. तेव्हापासून चाचा त्यांची हिरवी ओढणी गळ्याभोवती गुंडाळायचे. ऊन असो, लग्न असो, दवाखाना असो, ती गळ्यातच. पोरी म्हणायच्या, "अब्बा, धुऊन देतो." तर नाही म्हणायचे.

आम्ही शेवटचे दोर आवळत होतो. सुनंदाबाई ओरडल्या, "बाळू, तिकडं बघ!" नांगरलेल्या रानातनं वावटळ उठली होती, अन् सरळ बाभळीच्या रोखानं निघाली होती.

"चाचा! उठा! इकडं या!"

चाचा उठले. पण इकडं आले नाहीत. काठी खुर्चीला टेकवली, दोन पावलं पुढं रानात गेले. गळ्यातली ओढणी सावकाश सोडली, नीट उलगडली, अन् एक टोक दोन बोटांत धरून हात वर केला.

वावटळ त्यांच्यावरनं गेली. क्षणभर चाचा दिसेनासे झाले. धूळ सरली तेव्हा ते तिथंच उभे होते, हात वर, बोटं उघडी. ओढणी वर चालली होती, गोल गोल.

दिलीपला सवयच ती. कापड उडालं की पळायचं! तो निघाला धावत. बांध ओलांडला, उडी मारली असती तर टोक हाताला लागलंही असतं.

"दिलीप!" चाचांचा आवाज असा चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. "नक्को रे! नक्को पकड!"

दिलीप जागीच थांबला. मी चाचांजवळ जाऊन त्यांचा दंड धरला. भुवयांवर, दाढीत, सगळीकडं माती. ते वर बघत होते, पण नजर भलतीकडंच होती.

"दिख री क्या बाळू?"

मी वर बघितलं. पार उंचावर हिरवा ठिपका होता.

"व्हय चाचा, दिसतीय."

थोड्या वेळानं परत विचारलं, "अब?"

आभाळ सगळं पांढरं पडलं होतं. एक घारसुद्धा नव्हती.

"दिसतीय, चाचा," मी म्हणालो. "अजून दिसतीय."