आत्या मलावीला गेली

माझ्या आत्याइतकी खेकसून प्रेम करणारी बाई बेळगावात दुसरी झाली नसेल. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिचं आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावरही खासबागेतल्या आपल्या गल्लीला ती वॉर्डच समजत राहिली. रस्त्यावर कोणी खोकलं की खिडकीतून आवाज यायचा, "तोंडावर रुमाल धर की रं!" उचगावला माझ्या चुलतभावाच्या लग्नात तर तिनं वाढलेल्या पंगतीवरून सगळ्यांना उठवलं. पाण्याच्या पिंपात आचाऱ्यानं कोपरापर्यंत हात घातलेला तिला दिसला होता. नवरीचे मामा रुसले. आत्या म्हणाली, "रुसू देत. रुसून माणूस मरत न्हाय, जुलाबानं मरतंय." पाणी उकळून गार होईपर्यंत सगळं वऱ्हाड जिलबीकडे बघत बसलं होतं.

अशी ही बाई साठी उलटल्यावर एके दिवशी म्हणाली, "मी आफ्रिकेत चाललीया. मलावीला." कुठल्याशा संस्थेला तिथल्या एका खेड्यात, आरोग्यकेंद्रात आणि शाळेत बिनपगारी काम करायला जुनीजाणती नर्स हवी होती. माझे वडील म्हणजे तिचे थोरले भाऊ. ते भडकलेच. "हितं काय आजारी माणसं संपली व्हय गं?"

"हितं माझं कोण ऐकतंय अण्णा? हितं सगळ्यांस्नी सगळं ठावं हाय."

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अडवणार कोण? शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि शाळेतल्या पोरांसाठी पिशवीभर नेलकटर घेऊन ती गेली.

तिथली भाषा तिला येत नव्हती आणि इंग्रजी औषधांच्या नावांपुरतंच. बाकी सगळा कारभार ती आपल्या मराठीतच करायची. व्हिडिओ कॉलवर तिच्यामागे पोरांचा घोळका दिसायचा, सगळी हात पुढे करून ओरडायची, "हात दाखीव! हात दाखीव!" त्यात थोको नावाची एक चिमुरडी होती. ती कमरेवर हात ठेवून, डोळे वटारून हुबेहूब आत्या व्हायची. "बघ कशी माझी नक्कल करतीया, दांडगी कार्टी," आत्या सांगायची आणि तिला जवळ ओढायची. पोरांच्या आयांना तिनं साखरमिठाचं पाणी करायला शिकवलं होतं. एवढ्या खुशीत आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग तिथल्या पावसाळ्यात नदी गावात शिरली. विहिरी, संडास सगळं एक झालं. पूर ओसरला आणि कॉलरा आला. आत्याचा फोन बंद पडला. वडील जेवता जेवता उठून दारात जायचे.

ती परत आली ती अर्धी होऊन. कोणावर खेकसेना. मी उद्यमबागेतल्या कारखान्यातून सुटलो की तिच्याकडे चहाला थांबायचो. असंच एकदा, मी काही विचारलं नसताना, ती बोलायला लागली.

"शाळेचाच दवाखाना झालता रं. बाकं जोडून पोरं निजवलेली. रस्ता वाहून गेलता, सलाईन कुठनं येणार? शेवटची बाटली राह्यली आणि पोरी दोन. एक थोको."

मी कप खाली ठेवला.

"दुसरीची नाडी अजून लागत हुती. थोकोची लागंना. मग दुसरीला लावली. थोकोला चमच्यानं पाणी पाजत बसले. घोट आत जाईना. दिवस मावळायच्या आत गेली."

"आणि तिची आई?"

"तिला सांगितलं. लपवलं न्हाय. बाटलीकडं हात केला, त्या दुसऱ्या पोरीकडं हात केला. समजलं तिला. आता मारती बघ, असं वाटलं मला. मारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती आली आणि माझ्या पाठीमागं बसली. माझ्या केसांच्या नुसत्या जटा झालत्या. तिनं बोटांनी गुंता सोडवला आणि घट्ट येणी घातली."

आत्यानं कप उचलले, मोरीत नेले आणि किती तरी वेळ धूत राहिली.

दिवाळी झाल्यावर ती परत मलावीला निघाली. आम्ही कारण विचारलं. "विहिरी उंच बांधून घ्यायच्या हायत. न्हायतर पुढच्या पावसात परत तेच," एवढंच म्हणाली. या वेळी वडील भडकले नाहीत. सांबऱ्याच्या विमानतळावर तिची पिशवी शेवटपर्यंत त्यांच्याच हातात होती. "येळेवर जेव गं," ते म्हणाले. "व्हय अण्णा," म्हणत ती आत गेली.

आता तिचा फोन रविवारी येतो. आवाज तुटत तुटत येतो, निम्मं कळत नाही. वडिलांना तर आधीच कमी ऐकू येतं. तरी तो फोन ते कोणाला देत नाहीत. लाइन कधीच कटलेली असते आणि ते आपले फोन कानाला धरून, थोड्या थोड्या वेळानं, "व्हय... व्हय गं..." म्हणत बसलेले असतात.