आत्याबाईंचा सोपा नाताळ

आमच्या आत्याबाईंना उभ्या आयुष्यात एकही गोष्ट अवघड वाटली नाही, आणि त्यामुळेच आम्हा सगळ्यांचं आयुष्य अवघड होऊन बसलं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवण आणि हस्तकला शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर शाळाभर मुलींच्या ऐवजी त्यांच्या तावडीत आम्ही सापडलो. "अगदी सोपं आहे गं," हे त्यांचं पालुपद. ते ऐकलं की मी आधी बोटांना तेल लावून ठेवायचे. कारण आता बोटांना सुया टोचणार, हातांना खळ चिकटणार, आणि घरात कुणीही कुठेही टेकलं की खालून टाचणी लागणार, हे ठरलेलं असे. बरं, त्या टाचण्या तोंडात धरूनच बोलायच्या. ओठांच्या फटीतून जेवढं बाहेर येईल तेवढ्यावरून आपण समजून घ्यायचं, चुकीचं करायचं, आणि मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून शांतपणे म्हणायचं, "उसव." तो एक शब्द मात्र लख्ख ऐकू यायचा.

आमच्याकडे नाताळ जळगावला व्हायचा, सासऱ्यांच्या घरी. त्यांना सगळे आबा म्हणत. ते हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि गावात त्यांचा दरारा होता, पण आत्याबाई त्यांना चारचौघांत 'बाळ्या' म्हणत आणि ते "काय गं ताई" करत उठून येत. नाताळच्या भेटींचा कायदा आत्याबाईंनी केलेला होता. घरातल्या प्रत्येकाला भेट मिळाली पाहिजे, ती हाताने केलेली पाहिजे, आणि घरात आधीपासून पडून असलेल्या वस्तूंतूनच केलेली पाहिजे. "विकतची वस्तू ही दुकानदाराची भेट झाली. त्यात तुझं काय गं?" असं त्या विचारत. शिवाय एक पोटकलम होतं. देवळातली, म्हणजे चर्चमधली, उपासना आटोपून घरी आलं की भेटी उघडायच्या, आणि जी मिळेल ती संध्याकाळपर्यंत अंगावर, डोक्यावर किंवा निदान हातात वागवायची. नाताळला भेटायला येणारे लोक आमच्याकडे करंज्या खायला येत की आम्हाला बघायला येत, हे मला कधी कळलं नाही.

ह्या भेटी करायला डिसेंबरात आम्ही दोघी सुना, म्हणजे थोरल्या जाऊबाई आणि मी, आठवडाभर धुळ्याला त्यांच्याकडे जाऊन राहायचो. मला सांगा, डिसेंबरात बाईमाणसाला श्वास घ्यायला तरी फुरसत असते का? भिंतींना चुना, चकल्या, अनारसे, मुलांच्या परीक्षा, चांदणीचा कंदील, गायनमंडळाच्या तालमी. त्यातून आठवडा काढायचा म्हणजे आधीचा आठवडा दुप्पट राबायचं आणि नंतरचाही. पण जात होतो, कारण वर्षभर एकट्या राहणाऱ्या आत्याबाईंचं खरं वर्ष त्या आठवड्यातच सुरू व्हायचं आणि त्या आठवड्यातच संपायचं. नोव्हेंबर लागला की त्यांची गाद्या उन्हात टाकायची घाई सुरू झाल्याचं धुळ्याकडून येणारं कुणी ना कुणी सांगायचंच.

एका वर्षी त्यांनी उशा काढल्या. एरंडोलकडच्या कुणा ओळखीच्यांनी पोतंभर कापूस आणून टाकला होता, तो घरात पडून होता, म्हणजे कायद्यात बसत होता. कापसातली सरकी काढायला मी बसले, तर म्हणाल्या, "कशाला काढतेस? सरकीने वजन राहतं. उशी घसरत नाही. सोपं काम उगीच अवघड करू नये." अस्सल कापसाच्या मुलखात जन्म काढलेल्या बाईने हे म्हणावं. उशा भरल्या, खोळींवर भरतकामाची कबुतरं उडवली. आबांनी पहिल्या रात्री उशी घेतली आणि सकाळी म्हणाले, "ताई, डोक्याखाली काहीतरी खडे असल्यासारखं लागतं." आत्याबाई म्हणाल्या, "मग जागा राहून प्रार्थना कर." त्यानंतर गल्लीतल्या सगळ्या उंदरांना सरकीचा पत्ता लागला. फेब्रुवारीपर्यंत आमच्या घरात कबुतरं उरली नाहीत आणि कापूस मात्र सगळीकडे उरला, अगदी पिठाच्या डब्यातसुद्धा.

पण केळीच्या वर्षाची सर कशालाच नाही. माझं माहेर फैजपूरचं. वडील तिथे शाळेत शिक्षक होते, शेती आमची नव्हती, पण दारासमोरून केळीच्या गाड्या जात. केळीचा घड कापणारे लोक वेगळे कपडे घालतात हे मी लहानपणापासून बघितलेलं. केळीचा चीक कपड्याला लागला की आधी दिसतसुद्धा नाही, मग तपकिरी होतो, मग काळा, आणि कपडा फाटला तरी डाग फाटत नाही. आत्याबाई धुळ्याच्या, बाजरीच्या भागातल्या. त्या एकदा आमच्या ओळखीच्यांकडे असोद्याला आल्या आणि त्यांनी केळीचं खोड आडवं कापलेलं पाहिलं. आत चंद्रकोरीत चंद्रकोर, आणि कोरींमध्ये बारीक जाळी. झालं. चार खोडं पोत्यात घालून एस. टी.च्या टपावरून धुळ्याला गेली, आणि घरात आली म्हणजे घरातलीच ठरली. खोडाचा तुकडा लाल रंगात बुडवायचा आणि पांढऱ्या कापडावर ठसा मारायचा, अगदी सोपं. मी म्हटलं, "आत्याबाई, केळीचा चीक जात नाही हो." त्या म्हणाल्या, "मग चांगलंच की. रंग पक्का बसेल." आबांचा पांढरा सदरा, ह्यांचे दोन, जाऊबाईंच्या उशांचे अभ्रे, पाळकसाहेबांना रुमाल, सगळ्यांवर लाल चंद्रकोरी उमटल्या, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी फार सुंदर दिसल्या. पहिल्याच धुण्यात लाल रंग नाल्याला लागला आणि चीक वर आला. आबा पुढे दोन वर्षं तो सदरा घालून देवळात जात होते. पाठीमागून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी हेडमास्तरांना चिखलाच्या हाताने शाबासकी दिली आहे. पण आबांनी तक्रार केली नाही आणि आम्हालाही करू दिली नाही. "तिने केलंय," एवढंच म्हणायचे.

असं पुष्कळ सांगता येईल. खराट्याच्या काड्यांच्या तसबिरी, ज्यांच्या चौकटी पावसाळ्यात आपोआप वाकल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे, जे घातल्यावर माणसाला दुपारपर्यंत रबराचा वास यायचा. आणि प्रत्येक वेळी दिवसभर शिवलेलं आम्ही झोपल्यावर आत्याबाईंनी उसवून ठेवलेलं. सकाळी उठून पुन्हा पहिल्यापासून. आमच्या नाकी नऊ आले होते.

शेवटी एका डिसेंबरात थोरल्या जाऊबाईंनी बंड केलं. त्या नर्स होत्या, पाळ्या करून घरी येत आणि चूल पेटवत. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "बास. ह्या वर्षी बाजारातून आणू सगळं. तू धुळ्याला जा आणि सांगून ये." मी म्हटलं, "मीच का?" तर म्हणाल्या, "तुझं तोंड गरीब आहे. तुझ्यावर त्या ओरडणार नाहीत." ह्यांनी वर्तमानपत्राआडून "सांभाळून सांग" असा मोलाचा सल्ला दिला आणि पान उलटलं. ओरडण्याची भीती कुणाला होती? आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की भेटी बंद म्हणजे धुळ्याचा आठवडा बंद, आणि तो बंद झाला की त्या घरात डिसेंबरातसुद्धा कुणी फिरकणार नाही. जाऊबाईंनी पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाठ केली.

मी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचले. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या अक्का भेटल्या. "उनी का, माय? बाई तुमनीच वाट देखी ऱ्हायन्यात. बठ्ठं सामान मांडी ठेयेल शे." मी पिशवी सावरत आत गेले. आत खरोखरच सगळं मांडून ठेवलं होतं. पलंगावर जुन्या लुगड्यांचे काठ, पावडरचे रिकामे डबे, बटणांची बरणी. जमिनीवर आम्हा दोघींसाठी दोन बसकरं. आणि उशीवर सुयांची रांग, प्रत्येकीत दोरा ओवलेला. एवढ्या सुया का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "अक्का सकाळी ओवून देतात. मला आता नेढं दिसत नाही. दिवसभराच्या एकदमच घेते." मग चहा झाला. घरचे सगळे कसे आहेत ते विचारून झालं. आत्याबाईंनी काठ हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे बघ, ह्या वर्षी अगदी सोपं आहे."

मी म्हटलं, "आत्याबाई, ह्या वर्षी राहू द्या ना."

त्या काठ चाचपत राहिल्या. मग विचारलं, "थोरली म्हणाली?"

"सगळेच म्हणतो आहोत. थकलो हो आम्ही."

"थकलात?" त्यांनी काठ खाली ठेवला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी पण थकले गं. किती दिवसांची थकले. डोळ्यांपुढे नुसतं धुकं असतं." आणि मग त्या हसल्या, अगदी मोकळ्या हसल्या. "आणि खरं सांगू? मला ते काही आवडायचं नाही. त्या उशा, ते सदरे. बाळ्या तो सदरा घालून देवळात यायचा तेव्हा मला मान वर करवत नव्हती. कळत का नव्हतं मला?"

मी म्हटलं, "मग करायचं कशाला?"

"काम नसतं तर तुम्ही आला असता का?" त्यांनी विचारलं. तक्रार नव्हती त्यात. शाळेत गणित विचारावं तसं सरळ विचारलं. "तुम्हाला घरं आहेत, पोरं आहेत. नुसत्या म्हातारीला बघायला आठवडाभर कोण येतं? म्हणून दरवर्षी काहीतरी काढायचं. आणि लवकर संपू नये म्हणून..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. ते उसवणं कशासाठी होतं, ते मला तेव्हा कळलं. मी उठले, पलंगावरचं सगळं सामान गोळा करून कोपऱ्यात सारलं आणि म्हटलं, "मी काही आज परत जात नाही. आठवड्याचे कपडे आणलेत." नव्हते आणले. एक लुगडं तेवढं होतं पिशवीत.

"मग करणार काय आठवडाभर?"

"काही नाही."

आत्याबाईंना हे झेपेना. जन्मात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. थोडा वेळ त्या खोलीत नुसत्या फिरल्या. मग गादीवर चादर घातली आणि म्हणाल्या, "तोंड बघ तुझं, कसं उतरलंय. झोप जरा." भरदुपारी. लग्न झाल्यापासून मी दुपारची आडवी झाले नव्हते. पडल्या पडल्या डोळा लागला, तो दिवेलागणीला उघडला, तर आत्याबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. "उठू नकोस," म्हणाल्या.

मी परत का आले नाही हे बघायला दोन दिवसांनी थोरल्या जाऊबाई आल्या. दार उघडंच होतं. त्या आत आल्या, मला पांघरूण घेऊन झोपलेली पाहिलं आणि भडकल्याच. "तुला काय सांगून पाठवलं होतं?" आत्याबाई म्हणाल्या, "सांगितलंय तिने. तू आधी पाय धू आणि पड." जाऊबाई रात्रपाळी करून तशाच गाडीत बसल्या होत्या. त्यांनी वाद घालायचा विचार केला असावा, पण गादीवर टेकल्या आणि वाक्य अर्धं ठेवून झोपी गेल्या. तो आठवडा आम्ही तिघींनी असाच घालवला. उन्हात बसायचं, आत्याबाईंनी डोक्याला तेल लावून द्यायचं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा, आणि झोपायचं. आत्याबाई उशाशी बसून शाळेतल्या गोष्टी सांगत. ज्या मुलाशी त्यांचं लग्न ठरत ठरत राहिलं, त्याचीही सांगितली. इतकी वर्षं तोंडात टाचण्या होत्या म्हणून ते ऐकायचं राहिलं होतं.

नाताळला आम्ही तिघी जळगावला आलो त्या रिकाम्या हातांनी. बाजारात जायचं कुणाला सुचलंच नाही. उपासना झाली, फराळ झाला, आणि आबा आपल्या खुर्चीत बसून वाट बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, माझं काय?"

"बाळ्या, ह्या वर्षी तुझ्या सुना झोपवून आणल्यात," आत्याबाई म्हणाल्या. "बघ जरा त्यांच्याकडे."

आबांनी चष्मा पुसला आणि खरंच आम्हा दोघींकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान खाली घालून म्हणाले, "ताई, हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं."

त्यानंतर आणखी काही डिसेंबर मिळाले. आम्ही दरवर्षी जायचो, कामाशिवाय जायचो. आत्याबाईंना पुढे पुढे अजिबात दिसेनासं झालं, तेव्हा त्या आमच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कोण किती दमलंय ते ओळखायच्या आणि त्याप्रमाणे गादी दाखवायच्या. मग एका पावसाळ्यात त्या गेल्या. धुळ्याचं घर दुसऱ्यांनी घेतलं.

आता मुलं मोठी झाली, हातातली कामं सुटली, दुपारी घरात मी एकटी असते. आडवी झाले तर मला कुणी हटकणार नाही. डिसेंबरात थकवा जास्तच येतो, हे वयाचं असेल. मी गादी घालते, पडते, डोळे मिटते. झोप येत नाही. कपाळावर हात ठेवून "अजून उठू नकोस" म्हणणारं कुणी राहिलेलं नाही.