व्हिडिओतले काका

सुप्याच्या आमच्या कारखान्यात लेथवर एक फोरमन आहेत, पारनेरकडचे. बोलण्याआधी हात पुसतात आणि मालकांनासुद्धा ‘पाव्हणं’ म्हणतात.

भरतीच्या व्हिडिओसाठी मी त्यांना वाक्य लिहून दिलं होतं, ‘आमची कंपनी म्हणजे कुटुंब.’ त्यांनी कागद खिशात घातला आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाले, “उन्हाळ्यात शेडमधी लई उकडतं. पन बायको आजारी हुती, तवा मी दोन महिनं घरी हुतो. माझी जागा कुनाला दिली न्हाई.”

मी घाबरून कॅमेऱ्यामागे उभ्या मालकांकडे पाहिलं.

“असंच राहू द्या,” ते म्हणाले. “आणि शेडला पंखे बसवा.”

पुढे तो व्हिडिओ पाहून मुलाखतीला आलेल्या मुलीने आधी मलाच विचारलं, “ते काका खरंच इथं आहेत?”

“आहेत ना,” म्हणत मी ताठ मानेने तिला त्यांच्याकडे घेऊन गेले.